स्क्विअर की फेंडर? आधी फ्रेटबोर्डच्या कडेवरून बोट फिरवा

दुकानाच्या भिंतीवर दोन स्ट्रॅटोकास्टर इलेक्ट्रिक गिटारी शेजारी शेजारी लटकलेल्या असतात. एकीच्या माथ्यावर स्क्विअर लिहिलेलं, दुसरीच्या माथ्यावर फेंडर. रंग तोच, आकार तोच, तीन पिकअप, पाच खटक्यांचा स्विच, तीन नॉब. किमतीत मात्र पाच-सहा पटींचा फरक. विक्रेता लाकडाबद्दल आणि 'टोन'बद्दल बोलू लागतो. त्याला बोलू द्या. तुम्ही गिटार हातात घ्या, अंगठा आणि तर्जनी नेकच्या, म्हणजे लांब मानेच्या, दोन्ही कडांना लावा आणि नटपासून, म्हणजे माथ्याजवळच्या खाचांच्या पट्टीपासून, बॉडीपर्यंत सावकाश सरकत या. स्वस्त गिटारवर बोटांना जागोजागी फ्रेटची, म्हणजे फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, बारीक टोकं खरवडतात, बोथट करवतीवरून हात फिरवावा तशी. महाग गिटारवर बोट नुसतं घसरत जातं.

पैशांचा बराचसा भाग तिथंच गेलेला असतो. बॉडी आणि नेक आज दोन्हीकडे संगणकावर चालणारी यंत्रंच कापतात आणि ती यंत्रं इंडोनेशियात असोत की कॅलिफोर्नियात, सारखंच काटेकोर कापतात. फरक पडतो तो यंत्रातून बाहेर आल्यावर त्या नेकवर माणसाने किती वेळ घालवला याचा. तंबोऱ्याचा भोपळा कितीही चांगला असला तरी जवारी नीट काढली नसेल तर तो बोलत नाही, तसंच हे.

आधी घराणं समजून घेऊ. लिओ फेंडरने स्ट्रॅटोकास्टर 1954 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये आणली. ती मुळातच कारखान्यात पटापट बनावी अशी गिटार होती: सपाट फळीतून कापलेली बॉडी आणि चार स्क्रूंनी जोडलेली नेक. म्हणूनच तिची स्वस्त आवृत्ती काढणं सोपं गेलं. स्क्विअर ही तारा बनवणारी कंपनी फेंडरने 1965 मध्ये विकत घेतली आणि 1982 मध्ये ते नाव जपानमध्ये बनणाऱ्या गिटारींना दिलं. तेव्हा जपानी कंपन्यांच्या नकला इतक्या चांगल्या निघत होत्या की फेंडरला स्वतःच तिथं उतरावं लागलं. फुजिगेन कारखान्यातल्या, 'जेव्ही'ने सुरू होणाऱ्या क्रमांकाच्या त्या स्क्विअर आज जुन्या मालाच्या बाजारात भाव खातात.

आजची उतरंड साधारण अशी आहे. खालच्या बाजूला स्क्विअर अ‍ॅफिनिटी, तिच्या वर स्क्विअर क्लासिक व्हाइब. या इंडोनेशियात किंवा चीनमध्ये बनतात. मग मेक्सिकोतल्या एन्सेनाडाची फेंडर प्लेयर. तिच्याही वर कॅलिफोर्नियातल्या कोरोनाची अमेरिकन प्रोफेशनल. चौघींची तारेची लांबी एकच, 25.5 इंच, म्हणजे 648 मिलिमीटर. त्यामुळे तारांचा ताण आणि फ्रेटमधली अंतरं सगळीकडे सारखी. स्क्विअरवर शिकलेली बोटं फेंडरवर चुकत नाहीत.

लाकडाचं लवकर उरकू. अ‍ॅफिनिटीची बॉडी पॉपलरची, प्लेयर आणि अमेरिकनची बहुधा आल्डरची. रंगाखाली बॉडी तीन-चार तुकडे चिकटवून केलेली असते आणि हे महाग गिटारींतही चालतं. भरीव बॉडीच्या गिटारमध्ये पिकअप हवेतला आवाज पकडत नाही, तो चुंबकासमोर थरथरणाऱ्या पोलादी तारेची हालचाल पकडतो. लाकडाचा थोडाफार परिणाम असेलही, पण पिकअपची उंची अर्धा मिलिमीटर बदलली तर त्याहून मोठा फरक ऐकू येतो. लाकडासाठी पैसे द्यायचे असतील तर ते दिसण्यासाठी आणि वजनासाठी द्या.

फ्रेटबोर्डच्या लाकडाची गोष्ट मात्र आपल्या जवळची आहे. जानेवारी 2017 पासून शिसवीच्या कुळातल्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर परवान्यांचं बंधन आलं. प्रत्येक गिटारमागे कागदपत्रं करणं स्वस्त गिटारींना परवडेना. तेव्हा स्क्विअर आणि गिब्सनचा स्वस्त ब्रँड एपिफोन यांनी 'इंडियन लॉरेल' वापरायला सुरुवात केली. हे भारदस्त नाव म्हणजे आपला ऐन. मगरीच्या पाठीसारखी साल असलेला, सह्याद्रीत सगळीकडे दिसणारा, विदर्भात ज्याच्या पानांवर टसरचे किडे पोसतात तोच. नोव्हेंबर 2019 मध्ये तयार वाद्यांना त्या बंधनातून सूट मिळाली, पण ऐन टिकून राहिला. शिसवीपेक्षा तो थोडा फिका आणि जरा खरखरीत छिद्रांचा असतो. कोरडा पडलेला दिसला तर लिंबू-तेलाच्या फ्रेटबोर्ड ऑइलचे दोन-तीन थेंब फडक्यावर घेऊन पुसा, दहा मिनिटांनी कोरड्या फडक्याने जास्तीचं तेल काढा. वर्षातून दोनदा पुरे. मेपलच्या, वरून वॉर्निश मारलेल्या फ्रेटबोर्डला हे तेल लावू नये.

आता मुख्य मुद्दा, फ्रेट. फ्रेटची पट्टी ज्या धातूची असते त्याला जगात निकेल सिल्व्हर म्हणतात. आपण त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतो. त्यात चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. ही पट्टी लाकडातल्या खाचेत दाबून बसवायची, मग सगळ्या पट्ट्यांचे माथे एका पातळीत घासायचे, घासल्याने सपाट झालेले माथे पुन्हा गोल करायचे, टोकं तिरकी कापायची, त्यांचे कोपरे मारायचे आणि शेवटी चकाकी आणायची. स्ट्रॅटोकास्टरवर, थोडक्यात स्ट्रॅटवर, फ्रेट एकवीस किंवा बावीस. म्हणजे कोपरे मारायची टोकं चाळीसच्या वर, आणि प्रत्येकाला दोन कोपरे. स्वस्त गिटारच्या हिशेबात या कामाला मिनिटंच मिळतात. अमेरिकन प्रोफेशनलवर फ्रेटबोर्डच्या कडासुद्धा गोलवलेल्या असतात, वर्षानुवर्षं वाजवून झिजल्यासारख्या.

टोकं बाहेर येण्याचं दुसरं कारण हवा. लाकूड कोरड्या हवेत रुंदीत आकसतं, धातू आकसत नाही. जुलैत मुंबईत घेतलेली गिटार एप्रिलमध्ये नागपुरात किंवा रात्रंदिवस एसी चालणाऱ्या खोलीत गेली की महिन्याभरात फ्रेटची टोकं बोटांना लागू लागतात. ज्या नेकचं लाकूड नीट वाळवलेलं असतं तिच्यात हे कमी होतं, आणि लाकूड नीट वाळवणं म्हणजे माल महिनोन्‌महिने पडून ठेवणं, म्हणजेच पैसा.

यावरचा उपाय घरी करता येतो, पण कोरड्या दिवसांतच करा. पावसाळ्यात टोकं फुगलेल्या लाकडाआड लपलेली असतात. तारा काढा. पिकअपवर मास्किंग टेप लावून ते पूर्ण झाका, कारण घासताना उडालेला धातूचा चुरा चुंबकाला चिकटला की निघता निघत नाही. फ्रेटच्या मधल्या लाकडावरही टेप लावा. बारीक दाताची सपाट कानस नेकच्या कडेला लांबीने धरून, लाकडाला लागेल न लागेल इतक्या हलक्या हाताने फिरवा. बाहेर आलेली टोकं लाकडाच्या पातळीला आली की थांबा. मग छोट्या कानशीने प्रत्येक टोकाचे दोन्ही कोपरे तीन-चार हलक्या फेऱ्यांत मारा आणि शेवटी 600 आणि 1000 नंबरचा पॉलिश पेपर फिरवा. पहिल्यांदा करणाऱ्याला दोन तास लागतात.

फ्रेटची पातळी हा वेगळा रोग आहे. एखादाच फ्रेट शेजारच्यांपेक्षा उंच असेल तर त्याच्या मागच्या फ्रेटवर दाबलेला सूर खरखरतो किंवा मरतो. तपासायला तीन फ्रेटवर बसेल एवढी सरळ कडेची पोलादी पट्टी घ्या. ती मधल्या फ्रेटवर डोलली तर मधला उंच. कधी तो नुसता खाचेतून वर आलेला असतो. तेव्हा लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीच्या हलक्या टकटकीने बसतो. सगळीच पातळी बिघडलेली असेल तर हे काम कारागिराकडे द्यावं. त्यात चूक झाली तर फ्रेट बदलण्याशिवाय मार्ग राहत नाही.

फ्रेटइतकाच दुर्लक्षित भाग म्हणजे नट, माथ्याजवळची ती खाचांची छोटी पट्टी. स्वस्त गिटारवर प्लॅस्टिकची, प्लेयरवर कृत्रिम हाडाची, अमेरिकन प्रोफेशनलवर हाडाची. पदार्थापेक्षा खाचेची खोली जास्त महत्त्वाची. खाच जास्त खोल कापली गेली तर मोकळी तार खरखरते आणि गिटार परत येते. म्हणून कारखाना खाचा मुद्दाम उथळ ठेवतो. त्याचं फळ नवशिक्याला भोगावं लागतं: पहिल्या फ्रेटवर तार दाबायला जोर लागतो, तार जास्त ताणली जाते आणि सूर चढतो. ट्यूनरवर सहाही मोकळ्या तारा बरोबर, पण ई किंवा सी कॉर्ड वाजवली की बेसूर. हे ऐकून अनेक जण आपल्या कानाला किंवा बोटांना दोष देतात.

परीक्षा सोपी. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर किती फट राहते ते पाहा. साधा झेरॉक्सचा कागद जेमतेम सरकेल, म्हणजे साधारण 0.1 मिलिमीटर, इतकी फट चांगली. जाड तारांना किंचित जास्त चालते. दोन कागद आरामात जात असतील तर खाच खोल करायला हवी, आणि त्यासाठी तारेच्या जाडीची गोल कानस लागते. चाकूने किंवा पॉलिश पेपरने हा उद्योग करू नका. खाच रुंद झाली की तार तिच्यात वाजते.

ट्यूनिंग टिकत नाही म्हणून महागडे ट्यूनर, म्हणजे माथ्यावरच्या खुंट्या, बसवण्याआधीही नटकडेच पाहा. तार ट्यून करताना 'टिंग' असा आवाज येत असेल तर ती खाचेत अडकून एकदम सुटते आहे. तार बाजूला करून खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासा. खुंटीवर बारीक तारांचे दोन-तीनच वेढे घ्या, एकाखाली एक, एकमेकांवर न चढलेले. एवढ्याने खुंट्यांचा अर्धा दोष धुतला जातो.

कुठलीही नवी गिटार, स्वस्त वा महाग, आपल्याकडे येईपर्यंत समुद्र आणि गोदाम भोगून आलेली असते. त्यामुळे सेटअप दोघींनाही लागतो, आणि तो याच क्रमाने करायचा, कारण पुढचं माप मागच्यावर अवलंबून असतं. आधी नव्या तारा, स्ट्रॅटला 9 ते 42 चा संच (हे आकडे म्हणजे तारांची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत). ट्यून करा. मग नेकचा बाक. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकाच वेळी दाबून आठव्या फ्रेटवर तारेखालची फट मोजा. 9.5 इंच त्रिज्येची गोलाई असलेल्या फ्रेटबोर्डला फेंडरचं माप 0.010 इंच, म्हणजे पाव मिलिमीटर. वेगळं गेज नसेल तर 10 नंबरच्या पहिल्या तारेचा तुकडा बरोबर तेवढाच जाड असतो. फट जास्त असेल तर ट्रस रॉडचा, म्हणजे नेकच्या आत बसवलेल्या सळईचा, नट घड्याळाच्या दिशेने, कमी असेल तर उलट. एका वेळी पाव फेरा, पुन्हा ट्यून, पुन्हा मोजमाप. मेक्सिको-अमेरिकेच्या फेंडरला इंचाच्या मापाच्या अ‍ॅलन की लागतात, स्क्विअरवर बऱ्याच ठिकाणी मिलिमीटरच्या. जवळजवळ बसणारी चावी कधी वापरू नका. ट्रस रॉडच्या नटच्या कडा गोल झाल्या की पाच मिनिटांचं काम मोठ्या दुरुस्तीवर जातं.

त्यानंतर तारांची उंची: सतराव्या फ्रेटवर 1.6 मिलिमीटर. ब्रिजवर, म्हणजे बॉडीकडे तारा जिथं टेकतात त्या भागावर, प्रत्येक तारेखाली एक सॅडल असतं; त्यातल्या दोन बारीक स्क्रूंनी ती वरखाली होते. मग बाराव्या फ्रेटवर बोट नुसतं टेकवून काढलेला सूर (हार्मोनिक) आणि तिथंच दाबलेला सूर ट्यूनरवर ताडून पाहा. दाबलेला चढत असेल तर सॅडल मागे, उतरत असेल तर पुढे. सगळ्यात शेवटी पिकअपची उंची.

इथं एक उलटी गोष्ट आहे. अ‍ॅफिनिटीच्या पिकअपमध्ये सहा पोलादी खिळे असतात आणि त्यांच्या खाली सिरॅमिक चुंबकाची पट्टी. क्लासिक व्हाइबपासून वर प्रत्येक तारेखालचा खिळा हाच अल्निकोचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचा चुंबक असतो. पोलादी गाभ्यामुळे कॉइलचं इंडक्टन्स वाढतं आणि स्ट्रॅटची ती काचेसारखी खणखण जाडसर होते. कानाला कळणारा हा फरक आहे आणि तो स्क्विअरच्याच दोन पायऱ्यांमध्ये पडतो, स्क्विअर आणि फेंडरमध्ये नाही. पण अल्निकोचा खिळा तारेच्या जवळ नेला की तो तारेला ओढतो. वरच्या फ्रेटवर जाड तारेचा सूर हेलकावतो, दोन सूर एकत्र वाजल्यासारखा वाटतो आणि इंटोनेशन, म्हणजे दाबलेल्या सुरांचा सुरेलपणा, काही केल्या जुळत नाही. चांगला पिकअप बसवला आणि गिटार बिघडली, अशी तक्रार ऐकू आली की बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. शेवटचा फ्रेट दाबून जाड तारेखाली किमान 2 मिलिमीटर, बारीक तारेखाली 1.6 मिलिमीटर अंतर ठेवा.

पिकअपच्या आतल्या बाजूला, पांढऱ्या प्लेटखाली, कंजुषी उघडी पडते. स्वस्त गिटारमध्ये 16 मिलिमीटरचे छोटे पॉट (नॉबखालचे, आवाज कमीजास्त करणारे भाग) आणि बंद डबीसारखा स्विच, महाग गिटारमध्ये 24 मिलिमीटरचे पॉट आणि उघडा, पत्र्याचा स्विच. दोन्हीकडे पॉटचा विद्युत रोध तोच, 250 किलोओहम, त्यामुळे नवा असताना आवाजात फारसा फरक नसतो. फरक तीन वर्षांनी पडतो, नॉब फिरवताना कुरकुर सुरू झाल्यावर. बदलायला गेलात तर मोठ्या पॉटचा दांडा प्लेटच्या भोकात शिरत नाही, भोक 9.5 मिलिमीटरपर्यंत वाढवावं लागतं, आणि जुने नॉबही नव्या दांड्यावर बसत नाहीत. हे आधी मोजून घ्या. घाईत ड्रिल मारलेल्या प्लेटला नॉबपासून तडा जातो.

स्ट्रॅटवरचा सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा, पिकअप गुणगुणतोच, मग तो कितीही महाग असो. आपल्याकडे 50 हर्ट्झची वीज असल्याने तो सूर खर्जातला, जी-च्या आसपासचा. मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर स्विचच्या दुसऱ्या आणि चौथ्या खटक्यावर तो नाहीसा होतो. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर गिटारची अर्थिंग ठीक आहे, फक्त आतल्या पोकळीला शील्डिंग नाही. तांब्याची चिकट पट्टी आतून सलग लावून ती पॉटच्या पाठीशी जोडली की बराच फरक पडतो. हात लावल्यावर गुणगुण वाढत असेल तर गिटारच्या पाठीमागे ब्रिजच्या स्प्रिंग ज्याला अडकवलेल्या असतात त्या पंजाला जोडलेली वायर तुटली आहे का पाहा. आणि अ‍ॅम्प दोन पिनच्या एक्स्टेंशन बोर्डात लावला असेल तर गिटारकडे बोट दाखवण्याआधी तो तीन पिनच्या, खरोखर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावा. त्यात जिवाचाही प्रश्न आहे.

ब्रिज हा असा भाग आहे जिथं स्वस्त गिटार सुधारायला खर्च येतो. ब्रिजच्या पोटाखालचा ठोकळा तिथं ओतीव जस्ताचा आणि पातळ असतो, अमेरिकनवर पोलादाचा. अ‍ॅफिनिटीची बॉडी काही मिलिमीटर पातळ असल्याने पूर्ण मापाचा ठोकळा मागून बाहेर डोकावतो. तारांमधलं अंतरही नमुन्यागणिक साधारण 52 ते 56 मिलिमीटरच्या दरम्यान बदलतं. ट्रेमोलोच्या, म्हणजे ब्रिज हलवून सूर वरखाली करणाऱ्या, दांडीचे आटे एकीकडे मिलिमीटरचे, दुसरीकडे इंचाचे. म्हणजे 'स्ट्रॅटचा ब्रिज' अशी एकच वस्तू बाजारात नाही. त्याआधी फुकटातला उपाय करा. सहा स्क्रूंचा ब्रिज असेल तर मधले चार पाव-अर्धा फेरा सैल करा, म्हणजे ब्रिज फक्त टोकाच्या दोन स्क्रूंवर हलेल आणि दांडी दाबून सोडल्यावर जागेवर परत येईल. ट्रेमोलो वापरतच नसाल तर मागचा पंजा आवळून ब्रिज बॉडीला टेकवून टाका. कुठल्याही कारागिराच्या सेटअपपेक्षा ट्यूनिंग जास्त टिकेल.

लेस पॉल या दुसऱ्या नावाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारच्या बाबतीत हाच हिशेब जरा वेगळा पडतो. ती गिब्सनने 1952 मध्ये आणली. एपिफोन 1957 पासून गिब्सनच्याच छत्राखाली आहे. गिब्सन नॅशव्हिलमध्ये बनते, एपिफोन मुख्यतः चीनमध्ये. गिब्सनवर नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ थर असतात. ते दिसायला सुंदर आणि लावायला वेळखाऊ. शिवाय साध्या स्टँडच्या रबराशी त्यांची रासायनिक गाठ पडली की कायमचा डाग. स्टँडला जुना सुती कपडा गुंडाळा. एपिफोनच्या जाड 'पॉली' लेपावर असं काही होत नाही.

त्याहून मोठी गंमत माथ्याची. गिब्सनचा माथा नेकपासून 17 अंश मागे वळलेला असतो आणि त्याच तुकड्यातून कापलेला असल्याने वळणावर लाकडाचे रेषे आडवे तुटतात. शिवाय ट्रस रॉडच्या नटसाठी तिथंच खाच खणलेली. गिटार स्टँडवरून पाठीवर पडली की बहुतेक वेळा तिथंच मोडते. एपिफोनचा कोन कमी, आणि काही नमुन्यांत माथा तिरक्या सांध्याने जोडलेला, म्हणजे रेषे सरळ राहतात. स्वस्त म्हणून केलेला जोड इथं जास्त मजबूत ठरतो.

मग घ्यावी कोणती? शिकणाऱ्याने क्लासिक व्हाइब घ्यावी, आणि बजेटमध्ये फ्रेट-नटच्या कामासह चांगल्या सेटअपचे पैसे पहिल्या दिवसापासून धरावेत. पिकअप ठीक असतात, नेक ठीक असते, राहिलेलं असतं ते हातकाम. अ‍ॅफिनिटी घेऊन तिच्यात पिकअप, ब्रिज, ट्यूनर बदलत गेलात तर खर्च वापरलेल्या प्लेयरच्या जवळ पोचतो आणि विकताना त्या सुट्या भागांचे पैसे कुणी देत नाही. रोज चार तास वाजवणाऱ्याला अमेरिकनमधला फरक हाताला कळेल. दुसऱ्या कुणाला तो ध्वनिमुद्रणात ओळखून दाखवायला सांगाल तर बहुधा जमणार नाही.

वापरलेली प्लेयर घ्यायला गेलात तर पहिल्या तीन फ्रेटवर बारीक तारांखाली खड्डे पडलेत का ते नखाने पाहा. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून पाहा, हे एकशे बत्तीस सूर आहेत, पाच मिनिटं लागतात. शेवटी मालकाला विचारून ट्रस रॉडला चावी लावा. नट शेवटपर्यंत आवळलेला असूनही नेकमध्ये बाक दिसत असेल तर किंमत कितीही कमी असो, गिटार परत भिंतीवर लावा.